तयारी बाळाची, दमला मधला: नाशिकच्या एका कुटुंबाच्या गडवाटेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिक शहरात राहणारं सात जणांचं कुटुंब. आई, बाबा, ६२ वर्षांची आजी, आत्या आणि तीन मुलं. थोरली ७ वर्षांची, मधला ४ वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही किरकोळ तपशील गाळले आहेत. आई आणि आत्या दोघींनी कॉलेजच्या दिवसांत सह्याद्रीत बरीच भटकंती केलेली. बाबांचा अनुभव बेताचा, पण अंगात ताकद भरपूर. आजी रोज सकाळी तासभर चालतात. चढताना त्यांना काही होत नाही, उतरताना मात्र उजवा गुडघा धरतो.

मुलांना पहिल्यांदाच गडावर न्यायचं दिवाळीच्या सुट्टीत ठरलं. गड निवडला अंजनेरी. त्र्यंबक रस्त्यावर शहरापासून साधारण २० किलोमीटर, मारुतीचं जन्मस्थान म्हणून ख्याती, आणि मारुतीची गोष्ट तर तिन्ही मुलांच्या आवडीची. कारण चांगलंच होतं. पण ते गोष्टीचं कारण होतं, त्यात वाटेचा विचार नव्हता.

पहिला प्रयत्न

त्या दिवशी धाकटीच्या पिशवीत सहा डायपर, गरम पाण्याचा थर्मास, मऊ भाताचा डबा, तीन जोड कपडे, टोपरं, दुलई आणि बाळाला अंगावर बांधून न्यायचा नवा कोरा कॅरियर होता. थोरलीकडे तिची शाळेची बाटली. मधल्यासाठी फक्त नवे बूट, तेही आदल्या संध्याकाळी घेतलेले आणि ‘वाढता पाय आहे’ म्हणून एक नंबर मोठे.

घर सोडायला साडेनऊ वाजले. वाटेत नाश्ता झाला. प्रत्यक्ष चढाई सुरू झाली ११ वाजून १० मिनिटांनी. सात जणांना मिळून पाणी होतं ४ लिटर. पाऊण तासात मधला पहिल्यांदा खाली बसला. मग दर पंधरा-वीस पायऱ्यांनी ‘बाबा, उचला ना’ सुरू झालं. अंजनेरीला माकडं भरपूर. आत्याच्या हातात लोंबणारं चिप्सचं पाकीट एका माकडाने हिसकावलं आणि मधला जो घाबरला, त्याचे पाय पुढे पडेनातच. बाबांनी पाठीवरची सॅक पोटाशी अडकवली, मुलाला खांद्यावर बसवलं आणि सगळे खाली वळले. अंजनेरीच्या घळीतल्या पायऱ्यांपर्यंतही कुणी पोचलं नव्हतं. उतरताना मुरमावर बाबांचा पाय सरकला आणि ते बसकण मारून पडले. गुडघा सोलवटला. खांद्यावरच्या मुलाला काही झालं नाही, हे नशीब.

घरी आल्यावर निष्कर्ष निघाला: ‘मुलं लहान आहेत, दोन वर्षं थांबू.’ हा निष्कर्ष चुकीचा होता. प्रकरण इथे नोंदवायचं कारण तेच.

नेमकी अडचण कुठे होती

घरातल्या सगळ्यांनी सर्वांत लहान मूल डोळ्यांसमोर ठेवून तयारी केली होती. पण दीड वर्षाचं मूल गडवाटेवर चालतच नाही. ते १० किलोचं ओझं असतं, पाठीवर झोपतं, भूक लागली की रडतं. त्याचा अंदाज बांधता येतो. ७ वर्षांचं मूल अर्ध्या दिवसाची वाट चालतं, त्याला थोडं समजावताही येतं. खरा पेच ४ वर्षांच्या मुलाचा. ते १५-१६ किलोचं झालेलं असतं, त्यामुळे तासभर उचलता येत नाही. आणि पूर्ण वाट एका दमात चालेल एवढं मोठंही झालेलं नसतं. ट्रेकचा वेळ, वेग, थांबे, परतीची घडी हे सगळं सर्वांत लहान मुलावर ठरत नाही. ते ठरतं सर्वांत लहान चालणाऱ्यावर.

पायरीचाच हिशोब घ्या. गडावरची एक पायरी साधारण २५ सेंटिमीटर उंच धरू. मधल्याची उंची १०० सेंटिमीटर. १७० सेंटिमीटर उंचीच्या बाबांना त्याच प्रमाणात चढायचं असतं, तर प्रत्येक पायरी ४२ सेंटिमीटरची लागली असती. म्हणजे खुर्चीच्या बैठकीपेक्षा जेमतेम थोडी खाली. अशा दोनशे पायऱ्या भर उन्हात, सैल बूट घालून चढायच्या असतील तर मोठा माणूसही बसेल.

बाकीची कारणं यालाच जोडून आली. मोठ्या बुटात टाच वरखाली घासते, अर्ध्या तासात तिथे लाल चट्टा उठतो. उतरताना पाय पुढे सरकून बोटं आदळतात. मधल्याच्या दोन्ही टाचांवर घरी आल्यावर फोड दिसले. तो ‘पाय दुखतात’ म्हणत होता आणि सगळ्यांना तो हट्ट वाटला होता. वाटेत एकदा बूट काढून बघितला असता तरी पुढचं बरंच टळलं असतं.

पर्यायांचा विचार

पुढचा बेत जानेवारीचा ठरला आणि या वेळी आत्याने कागदावर पाच ठिकाणं मांडली. उंची किंवा नाव न बघता प्रत्येक ठिकाणाला एकच प्रश्न विचारला: मधला कुठल्याही क्षणी बसला, तर तिथून सगळ्यांना सुखरूप खाली आणता येईल का, आणि मधे विसाव्याची सावली आहे का?

हरिहर पहिल्याच फेरीत गळला. कातळात खोदलेला जवळजवळ उभा जिना, हाताला धरायला खोबण्या. पाठीवर बाळ घेऊन किंवा ४ वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे जायचं नाही, याबद्दल दुमत होण्याचं कारण नाही. ब्रह्मगिरीला पायऱ्या आहेत, पण चढ लांबलचक आणि माकडांचा उपद्रव अंजनेरीसारखाच. अंजनेरी पुन्हा करायची आईची इच्छा होती. तिथली अडचण घळीतल्या पायऱ्यांची: सुट्टीच्या दिवशी वर जाणारे आणि खाली येणारे एकाच अरुंद वाटेवर असतात आणि बसलेल्या मुलाला बाजूला घ्यायला जागा सापडत नाही. म्हणून ती पुढे ढकलली. पांडवलेणी म्हणजे त्रिरश्मी लेणी शहराला लागून, सुमारे दोनशे पायऱ्यांची. ट्रेक म्हणून ती लहान पडते, पण सरावाला तिच्यासारखी जागा नाही.

उरला रामशेज. पेठ रस्त्यावर आशेवाडीला पायथा, शहरापासून १५ किलोमीटरच्या आत. मोठ्या माणसाला चढायला पाऊण ते एक तास. वाटेवर पायऱ्या, आणि माथ्याच्या आधी गुहेत रामाचं मंदिर, जवळ पाण्याचं टाकं. ही गुहा म्हणजे या निवडीचा कणा. कुणी थकलं तर तिथे सावलीत बसता येतं, आणि तिथून परत फिरलं तरी मुलांच्या लेखी ‘आपण गडावर जाऊन आलो’ हे खरंच असतं. शिवाय गोष्ट दमदार. वनवासात रामाने इथे विश्रांती घेतली, ही त्याची शेज, अशी श्रद्धा. आणि १६८२ पासून या छोट्याशा गडाने मोगलांना काही वर्षं दाद दिली नाही. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या, चामड्याने मढवलेल्या तोफा केल्या, ही हकीकत सांगितली तर ७ वर्षांची मुलगी पुढच्या वळणापर्यंत आपणहून चढते.

महिना जानेवारी, संक्रांतीनंतरचा रविवार. पावसाळ्यात कातळ शेवाळलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन भाजतं, मार्चपासून माथ्यावर थांबवत नाही. जानेवारीत नाशिकला पहाटे १० अंशांच्या आसपास गारठा असतो आणि दहा वाजता अंगातला स्वेटर काढावासा वाटतो. कपड्यांचे थर लागतात, पण लहान मुलांसाठी याहून बरा काळ नाही.

तयारी

बूट सगळ्यात आधी. मधल्यासाठी मापाचे कापडी बूट घेतले, तेही पाच आठवडे आधी आणि संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतो. माप बघायची रीत सोपी आहे. मोजे घालून मुलाला उभं करायचं, बोटं बुटाच्या टोकाला टेकेपर्यंत पाय पुढे सरकवायचा. टाचेमागे मोठ्या माणसाची करंगळी जेमतेम शिरली पाहिजे. अंगठा शिरला तर बूट मोठा. तळव्याला खाचा हव्यात. हे बूट घालून तो रोज बालवाडीत गेला. मोज्यांचे दोन जोड ठेवले: एक पायात, एक गुहेत बदलायला. ओला मोजा घासतो आणि फोड तिथूनच उठतो.

सराव पांडवलेणीच्या पायऱ्यांवर, डिसेंबरचे तीन रविवार. नियम दोन: कुणी उचलायचं नाही, आणि घड्याळ लावायचं. पहिल्या रविवारी मधल्याला वर पोचायला २४ मिनिटं लागली, तिसऱ्या रविवारी १६. आत्या एकटी ७ मिनिटांत चढली. म्हणजे तयार झाल्यावरही मोठ्यांच्या सव्वादोनपटीहून जास्त वेळ. हे गुणोत्तर पुढच्या सगळ्या हिशोबाचा पाया ठरलं. दुसऱ्याच्या मुलाचा वेळ आपल्या कामाचा नाही; प्रत्येक घराने आपल्या मुलाचा वेळ घड्याळ लावूनच मोजावा.

सरावात आणखी तीन गोष्टी लक्षात आल्या, ज्या कुठल्याही यादीत सापडल्या नसत्या. मधला रांगेत सगळ्यात पुढे असला की प्रत्येक मुंगीपाशी थांबतो. शेवटी असला की समोर नुसत्या पाठी दिसतात आणि तो बसतो. बहिणीच्या बरोब्बर मागे, दुसऱ्या नंबरवर ठेवला की चालतो. दुसरं, शेवटचा घास खाऊन चाळीस मिनिटं झाली की त्याची पावलं जड होतात, तो तोंडाने ‘भूक’ म्हणत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाला दोन घास, मागो न मागो. तिसरं, उतरताना त्याचा वेळ चढण्यापेक्षा फारसा कमी भरला नाही. मोठी माणसं ‘उतरायला निम्मा वेळ’ धरतात. लहान मुलाला प्रत्येक पायरीवर तोल सावरायचा असतो.

या आकड्यांवरून घडी बसवली. सव्वासातला चढायला सुरुवात, चढायला थांब्यांसह जास्तीत जास्त अडीच तास, आणि सव्वादहाला जिथे असू तिथून परत. माथा पाच मिनिटांवर असला तरी परत. ही वेळ घरी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली, कारण गडावर असताना असा निर्णय घेणं प्रत्येकालाच जड जातं. आत्याने काकांना सांगून ठेवलं: साडेबारापर्यंत फोन आला नाही तर आशेवाडीला निघा.

धाकटीला न्यायचं कसं, यावर बरीच चर्चा झाली. घरी ठेवायचं तर आजींनाही थांबावं लागलं असतं. चौकटीचा कॅरियर भाड्याने मिळत होता, पण तो रिकामाच तीन किलोच्या आसपास, आणि त्यात मूल वाहणाऱ्याच्या डोक्याहून उंच बसतं. गुहेच्या तोंडाशी किंवा फांदीखाली आपण वाकतो, मूल वाकत नाही. म्हणून कापडी कॅरियर, पाठीवर. अट एकच: ज्याच्या पाठीवर बाळ, त्याच्याकडे दुसरी पिशवी नाही. आई आणि आत्या दर २५ मिनिटांनी आलटून पालटून घेणार होत्या.

बाळ पाठीवर असताना होणारी एक चूक फार जण करतात. वाहणाऱ्याला घाम फुटलेला असतो म्हणून बाळालाही उकडत असेल असं वाटतं. बाळ मात्र हालचाल न करता बसलेलं असतं, पाय लोंबकळत असतात. जानेवारीच्या सकाळी त्याच्या पायाची बोटं गार पडतात. म्हणून प्रत्येक थांब्यावर बोटं हाताने चाचपायची, दोन मोजे घालायचे, आणि ऊन वर आलं की मानेमागे सुती कापड टाकायचं.

पाण्याचा हिशोब असा केला: चार मोठ्यांना सव्वा लिटर प्रत्येकी, थोरली आणि मधला पाऊण लिटर प्रत्येकी, धाकटी अर्धा लिटर, आणि १ लिटर राखीव. राखीव पाणी प्यायचं नाही, जखम धुवायला. एकूण ८ लिटर, म्हणजे ८ किलो. गाडीत आणखी ५ लिटरचा कॅन. गडावरच्या टाक्यांचं पाणी मुलांना द्यायचं नाही हे ठरलेलं. ओआरएसची २०० मिलिची छोटी पाकिटं घेतली. मोठ्या पाकिटातली अर्धी पूड अंदाजाने घालणं टाळायचं, कारण प्रमाण चुकलं की उपयोग कमी आणि मिठाचा त्रास जास्त.

खाण्यात दशम्या, केळी, उकडलेली रताळी, शेंगदाण्याची चिक्की, संक्रांतीच्या उरलेल्या गूळपोळ्या आणि द्राक्षं. हंगाम नुकता सुरू झाला होता. इथे एक गोष्ट नाशिककरांनी मनावर घ्यायलाच हवी: अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बरोब्बर बसतं. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना द्राक्ष उभं चिरून, चार फोडी करूनच द्यावं, आणि चालताना तर कुणालाच तोंडात काही देऊ नये. चिक्की थोरलीसाठी. अख्खा शेंगदाणा धाकटीच्या आणि मधल्याच्या हाती लागणार नाही अशा वेगळ्या डब्यात. चिप्स आणले नाहीत. कुरकुरणारं पाकीट म्हणजे माकडाला आमंत्रण. सगळं खाणं डब्यात आणि डबे सॅकच्या पोटात, हातात काही नाही.

औषधांच्या पिशवीत मायक्रोपोर टेप, जंतुनाशक मलम, गॉज, क्रेप बँडेज, चिमटा, छोटी कात्री आणि तापाचं पॅरासिटामॉल सिरप. हे सिरप वेगवेगळ्या ताकदीत मिळतं, ५ मिलित १२० मिग्रॅ किंवा २५० मिग्रॅ. म्हणून डॉक्टरांकडून प्रत्येक मुलाच्या वजनाप्रमाणे किती मिलि ते विचारून बाटलीवरच चिकटपट्टी लावून लिहिलं. १०८ आणि ११२ हे क्रमांक थोरलीलाही पाठ करवले. दोघा मोठ्या मुलांच्या गळ्यात शिटी: हरवलं तर हलायचं नाही, तीनदा वाजवायची. दगड उलटायचे नाहीत, फटीत हात घालायचा नाही, कारण खडकाळ उतारावर फुरशाची भीती असते. मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरायचं, आणि त्या दिवशी कुणी अत्तर लावायचं नाही.

थोरलीची पिशवी सव्वा किलोची. तिचं वजन २१ किलो. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. मधल्याकडे काहीच ओझं नाही. आजींच्या हातात काठी. उरलेलं सगळं, म्हणजे बरंचसं पाणी, डायपर, बाळाचे कपडे आणि खाणं, बाबांच्या सॅकमध्ये. ही एक ओळ पुढे महागात पडली.

त्या दिवशी

सव्वासहाला गाडी निघाली. मुलांना रात्रीच ट्रेकच्या कपड्यांत झोपवलं होतं; सकाळी नुसतं उचलून गाडीत ठेवलं. सातच्या सुमारास आशेवाडी, पायथ्याशी दूध आणि केळं, आणि ७ वाजून २० मिनिटांनी पहिलं पाऊल.

थोरली पुढे, तिच्या मागे मधला, मग बाबा. पहिल्या थांब्यावर बूट काढून टाचा पाहिल्या. डाव्या टाचेवर रुपयाएवढा गुलाबी डाग. दुखत नव्हतं, तरी तिथेच कोरडं पुसून मायक्रोपोर टेपची पट्टी सुरकुती न पडता लावली आणि मोजा ताणून बसवला. दीड मिनिटाचं काम. दिवसअखेर तिथे फोड नव्हता. फोड आल्यावर टेप लावून फार उपयोग होत नाही, डाग दिसताच लावायची असते.

गुहेपर्यंत चार थांबे झाले, ‘उचला ना’ तीनदा. ८ वाजून ४० मिनिटांनी सगळे मंदिराशी. मोजे बदलले, खाणं झालं. गूळपोळी मुलांनी आवडीने खाल्ली, पण ती कोरडी, तोंडात भुगा होणारी; तिच्यामागे दोघांनी मिळून अर्धा लिटर पाणी संपवलं. दशमी याबाबतीत उजवी.

गुहेपाशी घेतलेला निर्णय

घरी ठरलं होतं की आजी आणि धाकटी गुहेतच थांबतील, थोरली आई आणि आत्यासोबत माथ्यावर जाईल. मधल्यासाठी नियम होता: गुहेपर्यंत दोनपेक्षा जास्त वेळा उचलायला सांगितलं तर तो बाबांसोबत खाली थांबेल. सांगितलं होतं तीनदा. पण खाऊन झाल्यावर तो उड्या मारत होता, बहीण निघाली तसा दारापर्यंत पळाला. बाबा आजींकडे पाहू लागले. आजी म्हणाल्या, ‘अरे जा घेऊन त्याला, आम्ही दोघी बसतो इथे.’ आत्याचं मत उलट होतं: ‘दादा, नियम आपणच केलाय.’

शेवटी बाबा त्याला घेऊन निघाले, ९ वाजून १० मिनिटांनी.

हा निर्णय चूक होता का? आमच्या मते नव्हता. मुलाचा थकवा मोठ्यांइतका साचत जात नाही. खाऊन, वीस मिनिटं बसून ते बऱ्यापैकी ताजं होतं. गुहेआधीच्या तक्रारी मोजून गुहेनंतरची ताकद ठरवणारा नियमच कच्चा होता. नियम असा हवा होता: खाणं आणि विश्रांती झाल्यावर दहा मिनिटं चालवून बघायचं, बसला तर परत. वरच्या टप्प्यात बाबांनी हात धरण्याची पद्धत नीट सांभाळली. मुलाची बोटं घामाने निसटतात म्हणून मनगट धरायचं, आणि उतरताना मोठ्या माणसाने मुलाच्या एक पायरी खाली, तिरकं उभं राहायचं. दरवाज्यातून आत जाऊन मधला सपाटीवर पोचला, समोरचा बोरगड बघितला, आणि ९ वाजून ४० मिनिटांनी खाली बसून ‘आता घरी’ म्हणाला. बाबा लगेच वळले. रामशेजचा माथा उघडा आहे, कडे मोकळे आहेत. दमलेल्या मुलाला तिथे थांबवण्यात अर्थ नव्हता.

चूक दुसरीकडे झाली. बाबा वर गेले तशी त्यांची सॅकही वर गेली. साडेनऊच्या सुमारास धाकटीचा डायपर बदलायची वेळ आली तेव्हा डायपर, वाइप्स, कपडे, खाऊ सगळं माथ्यावर होतं. आजींकडे अर्ध्या लिटरची एक बाटली. त्यांचा फोन पर्समध्ये आणि पर्स गाडीत. बाळ रडायला लागलं. आजींनी गळ्यातला सुती स्कार्फ काढला, तिकोनी घडी घातली आणि जुन्या पद्धतीचा लंगोट बांधला. बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन पुसलं, मग तिला शालीत गुंडाळून मांडीवर थोपटत बसल्या. बाबा सव्वादहाला परत आले. आजी आणि बाळ सव्वा तासापेक्षा थोडा कमी वेळ एकटे होते. आजींच्या जागी दुसरं कुणी असतं तर हा वेळ वाईट गेला असता.

निष्पत्ती

थोरली, आई आणि आत्या ठरल्या वेळी, सव्वादहाला माथ्यावरून वळल्या. थोरलीला पलीकडचं टोक बघायचं होतं. आईने घड्याळ दाखवलं, वाद झाला नाही, कारण ही वेळ तिला घरापासून माहीत होती. पावणेअकराला सगळे गुहेत एकत्र, १० वाजून ५५ मिनिटांनी उतरायला सुरुवात, १२ वाजून ५ मिनिटांनी पायथा. उतरताना मधल्याला एकदाही पूर्ण उचलावं लागलं नाही.

पडली ती थोरली. अवघड पायऱ्या संपल्या, पायथा दिसू लागला आणि ती पळत सुटली. वाळलेल्या गवताखालच्या मुरमावर घसरून तळहात खरचटला, त्यात बारीक खडे रुतले. राखीव लिटर तेव्हा कामी आला: बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पाण्याची धार जखमेवर सोडली, खडे धुऊन निघाले, एक चिमट्याने काढला, मलम आणि गॉज. ओल्या रुमालाने पुसलं असतं तर खडे आणखी आत गेले असते.

आजींच्या गुडघ्याला काठीने बरीच मदत झाली, तरी दुसऱ्या दिवशी तो सुजला होता. पाणी परत आलं सव्वा लिटर.

वेगळं काय करता आलं असतं

गट फुटणार असेल तर पिशव्याही आधीच फोडून ठेवाव्यात. बाळाचं सगळं सामान एका छोट्या, वेगळ्या पिशवीत हवं होतं, जी बाळ जिथे थांबेल तिथे थांबेल, मग सॅक कुणाच्याही पाठीवर असो. त्यात दोन डायपर, वाइप्स, एक जोड कपडे, खाऊ, पाऊण लिटर पाणी आणि वापरलेले डायपर परत आणायला दोन जाड पिशव्या एवढं पुरे. फोन थांबणाऱ्याच्या खिशात.

आजींना गुहेतून सगळ्यांच्या आधी पंधरा मिनिटं निघू द्यायला हवं होतं. मुलांच्या मागे उतरताना त्यांना प्रत्येक थांब्यावर अर्ध्या पायरीत ताटकळावं लागलं, आणि गुडघ्याला उतरण्याइतकाच त्रास त्या थांबण्याने झाला. सोबत आत्या गेली असती.

शेवटच्या सोप्या टप्प्याच्या आधी एक सक्तीचा थांबा हवा. तिथे पाणी द्यायचं, बुटाच्या नाड्या पुन्हा बांधायच्या आणि मोठ्या मुलाला रांगेच्या मधे घ्यायचं. अवघड वाटेवर मुलं सांभाळून चालतात, पायथा दिसला की सुटतात.

अंजनेरी त्यांच्या यादीत अजून आहे. आत्याने त्यासाठी तीन खुणा ठरवल्या आहेत: मधल्याने रामशेजची गुहा एकदाही ‘उचला ना’ न म्हणता गाठावी, माकड जवळ आलं तर न पळता मोठ्या माणसाचं मनगट धरून उभं राहावं, आणि धाकटी सरावाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढू लागलेली नसावी. ती अर्धवट चालायला लागली, की सर्वांत लहान चालणारी ती होईल आणि सगळा हिशोब तिच्या पावलांवर नव्याने मांडावा लागेल. फेब्रुवारीत ते नाशिकजवळच्याच चामरलेण्यांच्या पायऱ्यांवर घड्याळ लावणार आहेत.